ऐन भरातला बॉक्सर नंतर हरलेली लढत जिंकला असता का? उत्तर काढायची रीत, टायसन–होलीफील्डच्या उदाहरणासह

"अठ्ठ्याऐंशीचा टायसन असता ना, तर होलीफील्ड तिसऱ्या फेरीत आडवा." हे वाक्य आमच्या कट्ट्यावर गेली कित्येक वर्षं चालू आहे. हेवीवेट, म्हणजे सर्वात जड वजनगटातला अमेरिकन बॉक्सर माइक टायसन १९८८मध्ये ऐन भरात होता, आणि १९९६मध्ये इव्हँडर होलीफील्डकडून अकराव्या फेरीत हरला; वाद त्या पराभवाचा. बोलणारा दर वेळी टेबलावर हात आपटतो आणि पुरावा म्हणून मोबाइलवर टायसनची १९८८मधली मायकल स्पिंक्सविरुद्धची लढत लावतो. ९१ सेकंदांत खेळ खलास.

त्याचं उत्तर कदाचित बरोबरही असेल, निदान अर्धं. माझं भांडण पुराव्याशी आहे. जो माणूस दीड मिनिटात पडला, त्याच्यावरून ११ फेऱ्या उभं राहून जिंकलेल्या माणसाबद्दल काय कळणार? भरातला बॉक्सर कसा होता हे त्याच्या झटपट नॉकआउटपेक्षा त्याच्या रटाळ, अडलेल्या लढतींमधून जास्त कळतं. पण त्या कोणी पाहत नाही. खाली दिलेली रीत मी वही-पेन घेऊन वापरतो. दोन-तीन संध्याकाळी लागतात. पूर्ण लढती हव्यात, तुकडे चालत नाहीत.

पायरी १: वहीच्या पहिल्या पानावर दोन तारखा

"भरातला टायसन विरुद्ध होलीफील्ड" एवढ्यावर वाद घालू नका. कुठला होलीफील्ड? १९८८च्या एप्रिलमध्ये तो क्रूझरवेटचा (हेवीवेटच्या खालचा वजनगट) निर्विवाद विजेता झाला आणि जुलैमध्ये हेवीवेटमध्ये पहिल्यांदा उतरला. म्हणजे टायसनने २७ जूनला स्पिंक्सला पाडलं तेव्हा होलीफील्ड त्या वजनगटात नव्हताच. पुढे ८ नोव्हेंबर १९९१ला दोघांची लढत ठरली होती. टायसनच्या बरगडीला दुखापत झाली, लढत लांबली. मग फेब्रुवारी १९९२मध्ये बलात्काराच्या खटल्यात तो दोषी ठरला आणि मार्च १९९५पर्यंत तुरुंगात होता. लढत झाली ती ९ नोव्हेंबर १९९६ला, लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँडमध्ये. तो होलीफील्ड तिसराच होता: ३४ वर्षांचा, वर्षभरापूर्वी रिडिक बो याच्याकडून आठव्या फेरीत हरलेला, आणि सट्टेवाल्यांनी सुरुवातीला २५ला १ असा भाव लावलेला, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कोणालाच वाटत नव्हतं.

नियम असा: पराभवाच्या रात्रीचा प्रतिस्पर्धी जसाच्या तसा ठेवायचा, बदलायचा फक्त हरलेला माणूस. आपल्या पानावर म्हणून असं येईल:

टायसन, २७ जून १९८८.
होलीफील्ड, ९ नोव्हेंबर १९९६.
१२ फेऱ्या.

हे लिहून ठेवायचं कारण म्हणजे बोलता बोलता माणूस नकळत प्रतिस्पर्धीही बदलतो. टायसनला त्याच्या सर्वोत्तम रात्रीचं श्रेय मिळतं आणि होलीफील्डच्या वाट्याला बोसमोरची त्याची सर्वात वाईट रात्र येते.

पायरी २: भर कुठून कुठपर्यंत, ते मोजून ठरवा

बहुतेक जण वय बघतात. टायसनच्या बाबतीत वय फसवतं. १९९६च्या त्या रात्री तो ३० वर्षांचा होता, जिंकणारा ३४चा. वजनही फसवतं: स्पिंक्सविरुद्ध २१८ पौंड, होलीफील्डविरुद्ध २२२. चार पौंडांच्या फरकात काही सापडत नाही.

मोजायची गोष्ट म्हणजे रिंगमध्ये घालवलेली मिनिटं. २२ नोव्हेंबर १९८६ला ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत हरवून टायसन सर्वात तरुण हेवीवेट विजेता झाला, तिथपासून स्पिंक्सपर्यंत १९ महिन्यांत त्याने आठ लढती केल्या. सगळ्या लढतींचा वेळ मी एकदा बेरीज करून पाहिला. साधारण सव्वादोन तास भरतो, आणि त्यात दोनदा पूर्ण १२ फेऱ्या. आता दुसरी बाजू. जून १९९१मध्ये डोनोव्हन रडॉकशी १२ फेऱ्या झाल्यानंतर होलीफील्डपर्यंत, म्हणजे सव्वापाच वर्षांत, चार लढती: मॅकनीली ८९ सेकंद, मॅथिस तिसऱ्या फेरीत, ब्रुनो तिसऱ्या फेरीत, सेल्डन १०९ सेकंद. सगळे मिळून १९ मिनिटंसुद्धा नाहीत.

ही बेरीज केल्यावर माझं मत बदललं होतं. "टायसन म्हातारा झाला होता" हे खोटं आहे. लढतीत अडकून बाहेर पडायची सवय मोडली होती. तुरुंगातून तो परत आला, आणि आल्यावर समोर अशी माणसं ठेवली गेली की सवय परत लावायची वेळच आली नाही.

दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात प्रशिक्षक म्हणून, कोण बसलंय. कुस्तीत वस्ताद बदलला की पैलवानाची चाल बदलते, तसंच. टायसनला घडवणारे कस डमाटो नोव्हेंबर १९८५मध्ये वारले, पण त्यांचीच शिकवण पुढे चालवणारा केव्हिन रूनी स्पिंक्सच्या लढतीपर्यंत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला काढलं. भराचा शेवट मी तिथे धरतो, १९९०च्या टोकियोतल्या बस्टर डग्लसकडच्या पराभवात नाही. डग्लसच्या रात्री टायसनचा डोळा सुजत होता आणि कॉर्नरकडे सूज दाबायचं लोखंडी साधनसुद्धा नव्हतं. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून काम भागवलं. भर आधीच ओसरला होता, जगाला तो त्या रात्री दिसला.

पायरी ३: हरलेली लढत आवाज बंद करून पाहा

समालोचक तुमच्या आधी निकाल देतो, म्हणून आवाज बंद. वहीत चार रकाने आखा: आत शिरताना काय होतं, आत शिरल्यावर काय होतं, मिठीत (दोघं एकमेकांना धरून अडकतात तेव्हा) काय होतं, फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात काय होतं. प्रत्येक फेरीला प्रत्येक रकान्यात चार शब्द पुरतात.

मिठीचा रकाना आपल्याकडच्या माणसाने मुद्दाम भरावा. कुस्ती बघत वाढलेल्याला त्यात आयता फायदा आहे. बॉक्सिंगचा प्रेक्षक मिठी पडली की चहा आणायला उठतो. तुम्ही कंबर आणि पाय बघा: कोणाचे पाय मागे सरकतायत, कोणाची मान दाबली जातेय, रेफरीने सोडवल्यावर मध्यभाग कोणाकडे आहे.

माझ्या वहीतल्या १९९६च्या नोंदी थोडक्यात. पहिली फेरी: टायसनचा पहिलाच मोठा उजवा ठोसा लागतो, होलीफील्ड मागे जातो, पण घाबरत नाही, लगेच मिठी मारून त्याला मागे रेटतो. घंटेनंतर टायसन एक ठोसा देतो, होलीफील्ड तिथल्या तिथे परत करतो. (ही नोंद मी दोनदा अधोरेखित केली आहे. १९८८मधले बरेच प्रतिस्पर्धी चालत येतानाच हरलेले असायचे.) पाचवी: टायसनची सर्वात चांगली फेरी, शरीरावर उजवा आणि पाठोपाठ अपरकट (खालून वर मारलेला ठोसा). होलीफील्ड झेलून उभा. सहावी: डोकी आपटतात, टायसनच्या डोळ्यावर जखम होते, मग आत शिरताना डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसतो आणि टायसन खाली. सातवी: पुन्हा डोकी आपटतात. दहावीच्या शेवटी टायसन लटपटतोय. अकराव्या फेरीच्या ३७व्या सेकंदाला रेफरी मिच हाल्पर्न थांबवतात.

आता "आत शिरताना" हा रकाना वरपासून खालपर्यंत सलग वाचा. जवळपास प्रत्येक फेरीत तेच: टायसन एक ठोसा टाकत सरळ रेषेत येतो, डोकं जागेवर. त्याला आत येऊ दिलं जातं आणि येता येता ठोसा बसतो. पराभवाचं कारण एका वाक्यात मांडता आलं पाहिजे, नाहीतर पुढे जाऊ नका. माझं वाक्य: सरळ रेषेत येणाऱ्या टायसनला दारातच ठोसा बसला आणि दाराच्या आत मिठीत तो कमजोर पडला.

पायरी ४: काळाने काय नेलं आणि मुळात काय नव्हतं

सगळ्या गफलती इथे होतात. "तो भरात नव्हता" असं म्हणून सगळं काळावर ढकलता येत नाही. काळ ठरावीक गोष्टी नेतो आणि साधारण ठरावीक क्रमाने. आधी पाय आणि झटकन हलण्याची क्षमता. मग मार झेलण्याची ताकद. ठोशातला जोर सगळ्यात शेवटी जातो; जॉर्ज फोरमनने ४५व्या वर्षी, नोव्हेंबर १९९४मध्ये, मायकल मूररला दहाव्या फेरीत एका उजव्यात झोपवलं, त्याआधी नऊ फेऱ्या तो गुणांवर मागे होता. समज वाढतच जाते. उंची आणि हाताची पोच मात्र जन्मभर तेवढीच.

म्हणून ज्याची शैली निव्वळ चपळाईवर उभी, त्याच्या उशिराच्या पराभवाला सूट जास्त द्यावी. रॉय जोन्स हात खाली सोडून लढायचा, डोकं वेळेवर मागे घेण्याच्या भरवशावर. मार्च २००३मध्ये तो हेवीवेटमध्ये जाऊन जॉन रुइझकडून पट्टा घेऊन आला, मग पुन्हा १७५ पौंडांवर उतरला. मे २००४मध्ये ३५व्या वर्षी अँटोनिओ टार्व्हरच्या डाव्या हाताने दुसऱ्याच फेरीत त्याला झोपवलं. तो ठोसा १९९६च्या जोन्सला दिसला असता, हे मी बिनधास्त म्हणेन.

आता टायसनच्या पानावर पराभवाच्या वाक्याचे दोन तुकडे करू. पहिला, सरळ रेषेत येणं. हे काळाने नेलेलं. ऐन भरात टायसन दोन्ही मुठी गालांशी धरून, डोकं डावी-उजवीकडे झुलवत यायचा, आणि आल्यावर एक नव्हे, चार-पाच ठोशांची माळ लावायचा. डमाटोंच्या तालमीत प्रत्येक ठोशाला आकडा होता. आकडे पुकारले की हात चालायचे. १९९६मध्ये आकडे संपलेले दिसतात.

दुसरा तुकडा मिठीत अडकणं. हे काळाने नेलं का? त्याचं उत्तर १९९६च्या लढतीत नाही, म्हणून पुढची पायरी.

पायरी ५: तोच प्रश्न भरात असताना कोणी विचारला होता?

अख्ख्या रीतीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि सगळ्यात कंटाळवाणं. भरातल्या काळातल्या लढतींमधून असा माणूस शोधायचा की ज्याने हाच पेच टाकला होता.

मार्च १९८७, जेम्स 'बोनक्रशर' स्मिथ. सहा फूट चार इंच. १२ फेऱ्या तो टायसनला धरून बसला. लोकांनी हुर्यो उडवली. टायसन सहज जिंकला, पण मिठीचा रकाना भरून पाहा: तो सुटायची धडपड फारशी करत नाही, रेफरी येऊन सोडवेल याची वाट बघतो. भरात होता तरीही. मिठीतून मार्ग काढणं त्याच्या शिकवणीत कमी होतं, हे इथेच दिसतं. तेव्हा हा तुकडा काळाच्या खात्यावर टाकता येत नाही. फरक एवढाच की स्मिथ धरून गप्प बसायचा (शेवटच्या काही सेकंदांत तेवढा एक उजवा बसवला), आणि होलीफील्ड धरून, रेटून, सुटताना मारायचा.

ऑगस्ट १९८७, टोनी टकर. उंच, लांब हाताचा, मारणारा. पहिल्याच फेरीत त्याच्या डाव्या अपरकटने टायसनला हादरवलं. पुढे काय झालं ते महत्त्वाचं: टायसन बिथरला नाही. घाई न करता, डोकं हलतं ठेवून १२ फेऱ्या काढल्या आणि तिन्ही जजनी त्याला विजय दिला. कट्ट्यावरच्या मित्राला मी ही लढत दाखवायचा प्रयत्न केला, चौथ्या फेरीला तो मोबाइलवर दुसरंच काही बघायला लागला. पण १९९६चा निकाल उलटला असता असं म्हणायला माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे, स्पिंक्स नव्हे.

मे १९८६, जेम्स टिलिस. आपण ठरवलेल्या भराच्या काळाच्या जरा आधीची लढत, टायसन १९ वर्षांचा. टिलिस चौथ्या फेरीत पडला, उठला, उलट मारत राहिला. दोन जजनी दहापैकी चार फेऱ्या त्याला दिल्या. न घाबरणारा, उलट मारणारा माणूस टायसनला नॉकआउटपासून रोखू शकतो, ही नोंद.

याच पायरीवर एक रिकामा रकाना सापडतो आणि तो रिकामाच ठेवायचा. भरात असताना टायसन कधी पडलाच नाही. लोक हे त्याच्या बाजूने मोजतात. मी मोजत नाही. पडल्यावर उठून तो लढत फिरवू शकला असता का, याचा त्या काळातला पुरावा यातून मिळत नाही. नंतरच्या काळातला पुरावा त्याच्या विरोधात जातो: टोकियोत त्याने डग्लसला आठव्या फेरीत पाडलं, डग्लस उठला, आणि दहाव्यात टायसन पडला तो वेळेत उठलाच नाही.

पायरी ६: "याने त्याला, त्याने ह्याला" हा हिशेब फाडून टाका

डग्लसने टायसनला हरवलं, आणि आठच महिन्यांनी होलीफील्डने डग्लसला तिसऱ्या फेरीत झोपवलं. म्हणून होलीफील्ड श्रेष्ठ? मग लॅरी होम्सला टायसनने चौथ्या फेरीत संपवलं आणि होलीफील्डला १२ फेऱ्या लागल्या, त्याचं काय करणार? फ्रेझरने अलीला हरवलं, फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, आणि किन्शासामध्ये अलीने फोरमनला. ज्याला या त्रिकोणातून सरळ रेष काढता येईल त्याने काढावी.

पायरी ७: निकाल प्रकारासकट आणि टक्क्यांत लिहा

"जिंकला असता" एवढं पुरत नाही. कसा, कोणत्या फेरीच्या आसपास, किती खात्रीने. माझं पान असं आहे. टायसन पहिल्या चार फेऱ्यांत नॉकआउटने: १५ टक्के. नंतर नॉकआउटने: १०. गुणांवर: ३०. होलीफील्ड: ४५, त्यातला बराचसा नवव्या फेरीनंतर. म्हणजे पारडं टायसनकडे, पण जेमतेम, आणि टकरच्या लढतीसारखं, स्पिंक्सच्या नव्हे. होलीफील्डच्या पंचेचाळीसमधला मोठा वाटा मिठीचा आणि डोकी आपटण्याचा. वाकून पुढे येणारा बुटका आणि डोकं खाली घालणारा उंच माणूस १९८८मध्येही तसेच आपटले असते.

हे टक्के माझे अंदाज आहेत, गणित नाही. लिहून ठेवल्याचा फायदा असा की सहा महिन्यांनी लढत पुन्हा पाहिल्यावर मत का बदललं ते सापडतं. मी पहिल्यांदा टायसनला ७० दिले होते. स्मिथची लढत आवाज बंद करून पाहिल्यावर ५५वर आलो.

हीच रीत बाकी ठिकाणी

सगळीकडे एवढी मेहनत लागत नाही. २ ऑक्टोबर १९८०चा अली–होम्स सामना पायरी २वरच संपतो: अली ३८ वर्षांचा, दोन वर्षं लढत नाही, थायरॉइडच्या गोळ्यांनी वजन उतरवलेलं, आणि दहा फेऱ्यांनंतर त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने कॉर्नरमधूनच थांबवलं. त्या रात्रीच्या लढतीत अलीचं म्हणावं असं काहीच नव्हतं. जो लुई रॉकी मार्सियानोकडून हरला ती ऑक्टोबर १९५१ची लढत मात्र वाटते तेवढी सोपी नाही. ३७ वर्षांच्या लुईचा डावा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) त्या रात्रीही चालत होता, गेला होता तो उजवा आणि पाय. आणि मार्सियानोसारखा सतत अंगावर येणारा, मार खाऊनही न थांबणारा माणूस लुईला १९३०च्या दशकात कोणी भेटला होता, हे शोधायला बसा. लढतींची यादी लांबलचक आहे.

एकदा मात्र काळाने स्वतःच हा प्रयोग करून दाखवला. रॉय जोन्सने बर्नार्ड हॉपकिन्सला मे १९९३मध्ये गुणांवर हरवलं. १७ वर्षांनी, एप्रिल २०१०मध्ये, तेच दोघं पुन्हा भेटले, जोन्स ४१चा, हॉपकिन्स ४५चा, आणि हॉपकिन्स गुणांवर जिंकला. चपळाईवर जगलेल्याचं काय होतं आणि डावपेचांवर जगलेल्याचं काय होतं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचं असेल तर या दोन लढती पाहा. दुसरी अत्यंत रटाळ आहे, म्हणूनच सांगतोय.

सरावासाठी जवळचं उदाहरण हवं असेल तर गोव्याचं घ्या. १९ मार्च २०२१, पणजी, मांडवीतलं कॅसिनो जहाज. सलग १२ व्यावसायिक लढती जिंकलेला विजेंदर सिंग, बीजिंग २००८चा कांस्यपदकविजेता, रशियाच्या अर्तिश लोपसानकडून पाचव्या फेरीत हरला. विजेंदर ३५ वर्षांचा, लोपसान २६चा आणि सहा फूट चार इंच. पहिल्या पानावर दोन तारखा लिहा. विजेंदरची भराची तारीख तुमची तुम्ही ठरवा; हौशी काळातली धरलीत तर त्या लढती तीन-चार फेऱ्यांच्याच होत्या हे समासात टिपून ठेवा. दुसऱ्या पानावरची पहिली नोंद मी देतो: याआधीची त्याची लढत नोव्हेंबर २०१९ची, दुबईतली. मधले १६ महिने रिकामे. मग त्याच्यापेक्षा उंच, लांब हाताच्या माणसांशी तो पूर्वी कसा लढला होता, त्या लढती शोधा आणि आवाज बंद करा.